फरक ‘दिसला नाही’ की ‘पडला नाही’?



कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या वाड्यांवर आम्ही बायकांच्या बैठका घेतो. आठवड्यातून एकदा, कामं आटोपल्यावर, दोन तास बसायचं आणि बोलायचं. नवऱ्याचा मार, हातभट्टीची दारू, न लागणारी झोप, वीटभट्टीच्या मुकादमाकडून घेतलेली उचल, पोरीची सुटलेली शाळा, काहीही. कुणी ‘सहन कर’ म्हणत नाही, कुणी ‘तुझंच चुकलं असेल’ म्हणत नाही. बाई मोकळी होते आणि हळूहळू उभी राहते, असा आमचा अनुभव.

काही वर्षांपूर्वी आम्हाला पैसे देणाऱ्या संस्थेनं या कामाचं मूल्यमापन करवलं. बाहेरची माणसं सकाळच्या कर्जत लोकलनं आली, प्रश्नावल्या भरून घेतल्या आणि संध्याकाळच्या लोकलनं परत गेली. पहिली फेरी नवरात्राच्या आसपास झाली, दुसरी माघात. मग अहवाल आला. सुबक बांधणीचा, रंगीत आलेखांचा. त्यातलं एकच वाक्य कामाचं होतं: ‘बैठकांपूर्वीच्या आणि नंतरच्या सरासरी गुणांत संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय फरक आढळला नाही.’ या एका वाक्यावर पुढच्या वर्षाचा निधी थांबला.

मी तो अहवाल वाडीवर वाचून दाखवला. एका कातकरी मावशीनं शांतपणे विचारलं, “म्हंजे ताई, आमाला बरं वाटलं ते खोटं का?”

त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हतं. एम.एस.डब्ल्यू.ला संख्याशास्त्राचा पेपर मी पाठांतरावर पास झालेली. टी-चाचणीचं सूत्र लिहिता येत होतं, पण ती कुठं लावायची आणि कुठं नाही, हे कधी मनापासून समजून घेतलं नव्हतं. मावशीच्या प्रश्नानंतर पुस्तकं पुन्हा उघडली. जे कळलं त्यानं आधी राग आला आणि मग स्वतःचीच लाज वाटली. दोन्ही तुमच्यासमोर ठेवते आहे.

नावं खोडली आणि निकाल लागला

मूल्यमापनवाल्यांनी ‘गोपनीयता’ म्हणून प्रश्नावलीवर बायकांची नावं घातली नाहीत. चांगली गोष्ट, असं आम्हालाही तेव्हा वाटलं. पण नावाच्या जागी दुसरी कसलीच खूणही ठेवली नाही. त्यामुळं नवरात्रातला कागद कुणाचा आणि माघातला कुणाचा, हे जुळवायची सोय उरली नाही. मग त्यांनी काय केलं? आधीचे सगळे कागद हा एक गट धरला, नंतरचे सगळे कागद हा दुसरा गट, आणि जणू दोन वेगवेगळ्या गावांतल्या अनोळखी बायका असाव्यात अशी त्यांची तुलना केली. संख्याशास्त्रात ही ‘स्वतंत्र गटांची’ टी-चाचणी. त्याच बाईची आधीची आणि नंतरची अवस्था ताडून पाहायची असेल तर चाचणी वेगळी असते, ‘जोडीची’ टी-चाचणी.

यानं एवढा काय फरक पडतो? आमच्या बायकांचे खरे आकडे त्यांना न विचारता छापणार नाही, म्हणून एक बनवलेलं उदाहरण घेते. मानसशास्त्रात उदासी मोजायला नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली सर्रास वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत झोप बिघडली, कामात मन लागलं नाही, जगणं नकोसं वाटलं, असं किती दिवस झालं? उत्तराला ० ते ३ गुण, एकूण ० ते २७. जितके गुण जास्त तितकं मन खचलेलं. समजा, आठ बायका आहेत आणि त्यांचे गुण असे आहेत:

आधी: २२, १८, १५, १२, १०, ८, ६, ५
नंतर: १८, १६, १२, १०, ७, ४, ३, २

आधीची सरासरी १२, नंतरची ९. तीन गुण उतरले. आता स्वतंत्र गटांची चाचणी लावा. ही चाचणी विचारते, की सरासरीतला हा फरक बायकाबायकांमधल्या विखुरणीच्या मानानं मोठा आहे का? इथं तर एक बाई २२ वर आहे आणि एक ५ वर. एवढ्या विखुरणीत तीन गुण बुडून जातात. टी ची किंमत येते १. ‘लक्षणीय’ म्हणवून घ्यायला इथं ती २.१४ च्या पुढं हवी. निकाल: फरक आढळला नाही!

आता तेच आकडे, त्याच बायका, पण जोडीची चाचणी लावा. प्रत्येक बाईची तुलना तिच्याशीच. फरक येतात ४, २, ३, २, ३, ४, ३, ३. आठही जणींचे गुण उतरलेले आणि जवळपास सारखेच उतरलेले. टी ची किंमत येते ११.२. इथं पुरेशी होती २.३६.

टी ची सूत्रं नको असतील तर नाणं घ्या. नाणं आठदा उडवून आठही वेळा छापाच पडावा, असं २५६ मध्ये एकदा होतं. आठही वेळा छापा किंवा आठही वेळा काटा, दोन्ही धरलं तरी १२८ मध्ये एकदा. एवढा हिशेब तर बचतगटाची हिशेबनीस बोटांवर करील.

म्हणजे आकडे तेच असून एक चाचणी म्हणते काही झालं नाही आणि दुसरी म्हणते, झालं, अगदी स्पष्ट झालं. ही निवड काही संगणकानं केली नाही. नावं खोडून त्या जागी काहीच न ठेवण्याचा निर्णय ज्या दिवशी वाडीवर झाला, त्याच दिवशी ती झाली. आणि तो निर्णय घेताना आम्हाला कुणी विचारलं नाही.

दारूच्या कारखान्यातली चाचणी

ही टी-चाचणी आली कुठून? डब्लिनच्या गिनेस या बिअर बनवणाऱ्या कारखान्यात विल्यम गॉसेट नावाचा माणूस नोकरीला होता. बार्लीसारख्या मालाचे नमुने थोडेच मिळत आणि थोड्या नमुन्यांवरून निष्कर्ष काढताना जुनी पद्धत फसवत असे. त्यानं त्यावर उपाय काढला आणि १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावानं छापला. दारूच्या कारखान्यात जन्मलेली ही चाचणी आज दारूनं गांजलेल्या बायकांच्या कामाचा निवाडा करते आहे! पण दोष गॉसेटचा नाही. तो तर थोड्या आकड्यांशी इमानानं कसं वागावं हेच शिकवत होता. दोष आहे तो न बघता हत्यार उचलणाऱ्यांचा.

हत्यारं काही एकच नाहीत. दोन वेगळे गट असतील आणि त्यांची विखुरण सारखी नसेल, तर १९४७ साली वेल्चनं सुचवलेली टी-चाचणी जास्त विश्वासाची. गुण एका टोकाला गोळा झाले असतील आणि सरासरीवर विसंबता येत नसेल, तर विल्कॉक्सन (१९४५) आणि मान-व्हिटनी (१९४७) यांच्या क्रम लावून पाहणाऱ्या चाचण्या आहेत. मात्र त्या सरासरींची तुलना करत नाहीत, कुणाचा क्रम वर आणि कुणाचा खाली हे पाहतात. म्हणजे प्रश्नच थोडा बदलतो, आणि तो बदलला हे अहवालात सांगायला हवं. तीन किंवा जास्त गट असतील तर फिशरनं रुळवलेली अनोवा.

हे तिसरं आमच्या इथं फार महत्त्वाचं. आमच्याकडे कातकरी वाड्यांवरच्या बायका आहेत, ठाकरवाड्यांवरच्या आहेत, खोपोलीच्या चाळींतून कारखान्यात जाणाऱ्या आहेत. अशा तीन गटांची दोन-दोन करून तीनदा टी-चाचणी लावली, तर नसलेला फरक ‘सापडण्याचा’ धोका शंभरात पाचावरून चौदाच्या घरात जाऊ शकतो. तोच धोका आटोक्यात ठेवायला आधी अनोवा लावतात आणि मग कुठल्या दोन गटांत फरक आहे ते जपून तपासतात. आमच्या अहवालात मात्र सगळ्या बायकांची एकच मोट बांधली होती. कातकरी बाई दिवाळीनंतर घरदार उचलून भट्टीवर जाते ती पावसाळ्याच्या तोंडाशी परत येते. माघातल्या फेरीला ती वाडीवर नव्हतीच! तिच्या जागी जी भेटली तिचा कागद भरून घेतला. मग ‘आधी’ची सरासरी कुणाची आणि ‘नंतर’ची कुणाची? जिचं जगणं सगळ्यांत कठीण तीच मोजणीतून गळली आणि आलेख मात्र रंगीत आले.

आणखी एक. एकाच वाडीवरच्या वीस बायका म्हणजे वीस स्वतंत्र साक्षी नव्हेत. एकच विहीर, एकच मुकादम, एकच गुत्ता. त्यांची सुखदुःखं एकमेकींत गुंतलेली. नेहमीची टी-चाचणी प्रत्येकीला सुटी धरून चालते. वाडी हा घटक धरणारा हिशेब वेगळा करावा लागतो.

‘आढळला नाही’चा अर्थ

समजा, चाचणी बरोबर निवडली आणि तरीही लक्षणीय फरक आला नाही. तरी ‘फरक पडला नाही’ असं म्हणता येतं का? नाही! बॅटरी क्षीण असेल आणि अंधारात साप दिसला नाही, तर साप नाही असं कुणी म्हणत नाही. थोड्या बायका, मोठी विखुरण, म्हणजे क्षीण बॅटरी. २०१६ साली अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशननं जाहीर निवेदन काढून बजावलं, की ती पाच टक्क्यांची रेघ ओलांडली की नाही एवढ्यावरच शास्त्रीय किंवा धोरणाचे निर्णय घेऊ नयेत. संख्याशास्त्रज्ञांनी स्वतः सांगितलेली गोष्ट आमचा निधी थांबवणाऱ्यांपर्यंत का पोचली नाही?

नीट केलं तर कसं होतं, तेही बघू या. दूर जायला नको. गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र उदासी असलेल्या सुमारे पाचशे स्त्री-पुरुषांचा एक अभ्यास झाला, तो २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी अर्ध्या लोकांबरोबर काम केलं. कुणाला कुठल्या गटात घालायचं हे चिठ्ठी टाकावी तसं ठरवलं. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांची उदासीची सरासरी सुमारे २० गुण, न मिळालेल्यांची २७.५. त्यांनी नुसतं ‘लक्षणीय’ म्हणून सोडलं नाही. फरक साडेसात गुणांचा, आणि खरा फरक साधारण ५ ते १० गुणांच्या दरम्यान असावा, असा आवाकाही दिला. समुपदेशन मिळालेल्या बायकांनी नवऱ्याकडून होणारी मारहाणही कमी सांगितली. म्हणजे बोलण्याचा, ऐकण्याचा परिणाम मोजता येतो. मोजणाऱ्याला मोजायचं असलं पाहिजे.

त्याआधी गोव्यातच २४ दवाखान्यांत अशाच कामाची पाहणी झाली होती. २०१० साली तिचे निष्कर्ष आले. सरकारी केंद्रांत फायदा दिसला, खाजगी दवाखान्यांत दिसला नाही. सगळ्यांचा एकच गोळा केला असता तर हे कळलं असतं का?

आता थोडं आपल्याविषयी

इथवर वाचून तुम्ही टाळ्या वाजवणार असाल तर थांबा. आपल्यापैकी कितीजणी म्हणतात, “आकडे हे साहेबांचं काम, बाईचा अनुभव मोजता येत नाही”? मीही म्हणायची. पण निधी मागताना आपणच ‘ऐंशी टक्के बायकांत बदल’ असं खुशाल ठोकून देतो. तेव्हा कुठली चाचणी लावलेली असते? सोयीचा आकडा आपला आणि गैरसोयीचा साहेबाचा, हे चालणार नाही.

वरच्या उदाहरणात जोडीच्या चाचणीनं गुण उतरले हे दाखवलं. पण ते बैठकांमुळंच उतरले हे दाखवलं नाही. बाई बैठकीला येते ती बहुधा अगदी खचलेली असतानाच. त्यानंतर काही न करताही मन थोडं सावरतं. भाताची कापणी झाली, घरात चार दाणे आले, तरी सावरतं. उलटंही होतं. खालापूर तालुक्यात १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं बेपत्ता राहिली. त्या रात्रीच्या आधी एक फेरी आणि नंतर दुसरी झाली असती, तर डोंगरकुशीतल्या कुठल्या वाडीवरच्या बायकांचे गुण वाढले नसते? बैठका कितीही चांगल्या झाल्या असत्या तरी! म्हणून जिथं बैठका अजून सुरू व्हायच्या आहेत अशा वाड्यांशी तुलना लागते. हे कष्टाचं आहे, पण टाळता येणार नाही.

आणि सासू शेजारी बसली असताना प्रश्न विचारले तर सून प्रत्येक प्रश्नाला “बरं हाय” म्हणणार. सगळे शून्य. त्या शून्यांतून सत्य काढणारी चाचणी अजून कुणी शोधलेली नाही.

‘फरक नाही’ हे उत्तर नेहमी आपल्या विरोधातलं असतं असंही नाही. आपल्या इरावती कर्वे आठवा. १९२७ च्या सुमारास त्या बर्लिनला शिकायला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगन फिशर वंशश्रेष्ठत्व मानणारे. गोऱ्यांच्या कवटीची उजवी-डावी बाजू सारखी नसते आणि त्यातच त्यांच्या तर्कबुद्धीचं मूळ आहे, असं त्यांचं गृहीतक. ते तपासायचं काम या मराठी मुलीकडे आलं. तिनं १४९ कवट्या मोजल्या आणि लिहिलं की वंशाचा आणि कवटीच्या या असमानतेचा संबंध दिसत नाही. गुरूला काय हवं होतं हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तिनं आकड्यांना वाकवलं नाही. तिथं ‘फरक नाही’ म्हणणं हेच धाडस होतं. उत्तर आपल्याला आवडतं की नाही यावरून चाचणी निवडायची नसते, हे आपण तिच्याकडून शिकायचं.

म्हणून काय करायचं?

कुणीही मूल्यमापनाला आलं, की प्रश्नावली हातात घेण्याआधी आपण पाच प्रश्न विचारायचे. एक: तुलना त्याच बायकांची आहे की वेगळ्या? त्याच असतील तर कागद जुळवणार कसे? दोन: गट किती, आणि ते कुणी पाडले? तीन: एकेक बाई सुटी धरणार की वाडीचा हिशेब करणार? चार: विखुरण कशी आहे, आणि सरासरी कुणाची गोष्ट सांगते, कुणाची लपवते? पाच: फरक किती गुणांचा झाला तर तो बाईच्या जगण्यात जाणवेल, आणि हे सगळं आकडे हाती येण्याआधी लिहून ठेवलंय का? या पाचव्याशी तडजोड नको. चाचणी आधी ठरली पाहिजे आणि आमच्यासमोर ठरली पाहिजे. आकडे बघून मनासारखी चाचणी शोधत फिरणं ही लबाडी आहे. ती त्यांनी केली तरी, आपण केली तरी.

“तुम्हाला तांत्रिक बाबी कळणार नाहीत” असं उत्तर मिळेल. सांगा, की बचतगटाचं व्याज आम्ही काढतो, मुकादमाच्या वहीतली खोट आम्ही पकडतो. समजावून सांगा, कळेल. न समजावता आमच्यावर निकाल देण्याचा अधिकार कुणाला नाही.

गोपनीयतेचा बाऊ करतील. त्यावर उपाय आमच्या बायकांनीच काढला. प्रत्येकीनं एक चिन्ह घ्यायचं. पान, मासा, चंद्र, पाटा, ज्याला जे. अक्षर येत नसलं तरी चिन्ह काढता येतं. कागदावर नाव नाही, फक्त चिन्ह. कुठलं चिन्ह कुणाचं ही यादी गटाच्याच पेटीत, गटाच्याच कुलपात. भट्टीवर गेलेल्या बाईला गाठायला तिथं आपण जायचं. ती भेटली नाही तर तिच्या जागी दुसरी घ्यायची नाही. ती भेटली नाही असं लिहायचं.

त्या मावशीला मी नंतर उत्तर दिलं. म्हटलं, “मावशी, तुम्हाला बरं वाटलं ते खोटं नव्हतं. त्यांची मोजायची रीत चुकली. पण ते बैठकीमुळंच वाटलं का, हे आपण अजून दाखवलेलं नाही. ते आता आपल्यालाच दाखवायचंय.”

मावशी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मंग मोज. पर माजा कागद हरवू नको.” आणि तिनं आपल्या कागदावर विळा काढला.